दुखवट्याच्या घराची वई

फाल्गुन वद्य प्रतिपदा, धुळवड. सकाळी तोंड धुवायला मागचं दार उघडलं, तर परसातली वई जागेवर नव्हती...

वई म्हणजे मागच्या बाजूचं, लाकडी मेढींना बांधलेलं कारवीच्या काठ्यांचं कुंपण. काल दिवेलागणीपर्यंत होतं. आज दारातून थेट विहिरीची वाट, पलीकडे शेतं, आणि त्यापलीकडे रुळावरून जाणारं नवं विजेचं इंजिन दिसत होतं. हातातला तांब्या मी कुठे ठेवला, ते अजून आठवत नाही.

आमच्या कुसगावात होळीला लाकूड चोरायची रीत जुनी आहे. कुणाची मोडकी खाट, कुणाचं फाटक, कुणाची वई... होळीत पडलं ते होळीचं. मागायचं नाही, रागवायचं नाही. म्हणून त्या संध्याकाळी लोक आपापल्या परसात राखण करत बसतात आणि पोरं त्यांची टिंगल करत फिरतात.

पण दुखवट्याच्या घराला कोणी हात लावत नाही. ही रीतही तितकीच जुनी. आश्विनात माझी बायको गेली. त्यामुळे यंदा गावात एकटा मीच निर्धास्त दार लावून बसलो होतो.

वई जुनी झाली होती, हे मला दिसत होतं. कारवी काळी पडली होती, मधला भाग विहिरीच्या वाटेवर ओणवा झाला होता. शेजारचे आबा दिवाळीपासून टोकत होते, की कधी बदलणार? मी म्हणे, थंडी सरू दे. मग म्हणे, शिमगा होऊ दे. मग, वर्षश्राद्ध होऊ दे... मी स्टेशनात पार्सल क्लार्क आहे. आबा एकदा म्हणाले, तुझ्या गाड्यांना टाइमटेबल असतंय, वईला नसतंय व्हय?

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या खेपेला वई बांधताना दोरी संपली, तेव्हा हिने जुन्या लुगड्यांचे काठ फाडून गाठी मारल्या होत्या. नवी घालायची तर त्या सोडाव्या लागल्या असत्या... ते माझ्याने होणार नव्हतं.

मी तसाच होळीच्या माळावर गेलो. बायका निखाऱ्यांवर आंघोळीच्या पाण्याचे हंडे ठेवत होत्या. राखेने माखलेली पोरं मला बघून बोंब मारायची थांबली. आबा हंड्यापाशी बसले होते. मी चढ्या आवाजात बोलणारा माणूस नाही, आजही हळूच विचारलं.

"आबा, माझी वई कुणी नेली?"

"म्या," आबा म्हणाले.

मला वाटलं, पोरांना पाठीशी घालताहेत. तसं म्हटलंही. त्यांनी मान हलवली.

"पोरं हात लावंनात. दुखवट्याचं घर हाय म्हनत व्हती. म्हनून पैली मेढ म्याच मोडली. मंग आली समदी."

ज्यांनी हिच्या तिरडीला खांदा दिला, ते हे सांगत होते... आणि खाली मानही घालत नव्हते. माझ्या ओठांवर काय आलं होतं, ते लिहीत नाही. तेवढ्यात आबांची बायको, आमची मावशी, पुढे झाली आणि त्यांना म्हणाली, "त्येला गोठ्याचं सांगा. न्हाईतर मी सांगते."

आबांचा थोरला प्लेगात गेला, हे मला माहीत होतं. पण त्याने बांधलेल्या गोठ्याचा एक वासाही आबांनी पुढे बदलू दिला नाही, हे ठाऊक नव्हतं. आढं किडलं, मावशी कानीकपाळी ओरडत राहिली, आबा बघू म्हणत राहिले. भर आषाढात गोठा बसला, तो बैलांवर...

"बैल गेलं, त्येचं सोड," आबा म्हणाले. "पर पोराचं नाव निघालं का लोकं म्हनत्यात, त्येच्या गोठ्यानं बैल मारलं. त्यो बिचारा कवाच गेल्ता. किडू म्या दिला, आन बोल त्येला लागला."

मग विहिरीच्या वाटेकडे बोट केलं. "तितं दिसभर पोरं खेळत्यात, दिनू. कुनावर पडली असती, तर तिच्या हातची वई म्हनून गावानं नाव तुझं न्हाई, तिचं घेतलं असतं."

मी गाठींचं विचारू गेलो... वाक्य पुरं झालं नाही. मावशीला कसं कळलं कोण जाणे. "एक बी सोडली न्हाई, बाबा," ती म्हणाली. "हाय तशी होळीला दिली. वर माझ्या घरची पोळी टाकली, तिच्या नावानं."

मी घरी आलो. राग गेला असं म्हणणार नाही.

दुपारी आबा कारवीचा भारा घेऊन आले. उद्या वई उभी करू म्हणाले. जाताना जमिनीत राहिलेले मेढींचे खुंट दाखवून म्हणाले, "ह्ये तेवढं तुझं तू काढ. त्याला हात तुझाच लागाया हवा."

ते गेल्यावर मी खाली बसून पहिल्या खुंटाला हात घातला. तो भुशासारखा मुठीत आला. आत सगळी वाळवी... सालीपलीकडे लाकूड असं उरलंच नव्हतं. कधी बदलायची ते मी पाच महिने ठरवत होतो, आणि ती केव्हाच संपली होती. ह्या वाटेने रोज पोरं जात होती.

आबांशी अजून बोललेलो नाही. उद्या ते आले की चहा मीच करीन.

उन्हं कलली होती. माळावरून पोरांचा दंगा ऐकू येत होता. मी हात झटकले, घरातून पहार आणली आणि दुसरा खुंट उकरायला घेतला.