उसना त्रिकोण

अबूधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी सेफ्टी ऑफिसर होतो, आणि माझ्या स्वतःच्या गाडीत सेफ्टीचं एकही सामान नव्हतं. हे आधीच लिहून टाकतो. पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज व्हायला नको.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अबूधाबीत दरवर्षी गाडीचं पासिंग करावं लागे. ब्रेक, लाइट, टायर तपासून झाले की इन्स्पेक्टर डिकी उघडायला लावायचा. आत तीन वस्तू पाहिजेतच: आग विझवायचा छोटा सिलिंडर, फर्स्ट एडची पेटी आणि घडीचा लाल त्रिकोण. गाडी वाटेत बंद पडली की तो त्रिकोण बराच मागे रस्त्यावर उभा करायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला लांबूनच कळतं. तिन्ही वस्तू दिसल्या की शिक्का, आणि मग नवी मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड. नाही दिसल्या तर खलास, पुन्हा रांगेत.

आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारी तीन घरं होती, तीन गाड्या होत्या आणि हे सामान मात्र एकच. ते चौथ्या मजल्यावरच्या भाईंचं. भाई रत्नागिरीकडचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, रुवैसला एका कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर. आठवडाभर तिकडे कॅम्पात राहायचे, गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीसाठी बुधवारी संध्याकाळी घरी यायचे आणि शनिवारी पहाटे परत निघायचे. ज्याचं पासिंग असेल त्याने भाईंच्या डिकीतून सामान काढायचं, आपल्या डिकीत टाकायचं, शिक्का मारून आणायचा आणि परत नेऊन ठेवायचं. लग्नाला शेजारून पाट आणि समया आणतात, तितकं ते सहज होतं. साठ दिरहमचं सामान, म्हणजे जवळजवळ पावणेसहाशे रुपये, वर्षातून एकदा डिकी उघडून दाखवायला कोण कशाला घेईल? मला तर हा आपला शहाणपणा वाटायचा.

आणि हाच मी, दिवसभर वर्कशॉपमध्ये लोकांवर ओरडत असे. हेल्मेट नाही म्हणून एका वेल्डरला मी अर्ध्या दिवसासाठी घरी पाठवलं होतं. तापट म्हणून माझी ख्यातीच होती.

त्या हिवाळ्यात रुवैसच्या रस्त्याची मला धास्तीच बसली होती. अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, दोन्हीकडे सपाट वाळू, आणि त्यावरून टँकर आणि ट्रेलर एकामागे एक. पहाटे समुद्राकडून धुकं यायचं आणि रस्ता गिळून टाकायचं. दर आठवड्याला कुणीतरी काहीतरी सांगायचं. अमक्याच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला तेव्हा समोर फक्त दोन लाल ठिपके होते. तमक्याची गाडी ट्रेलरखाली इतकी गेली की क्रेन आणावी लागली. भाई हे सगळं शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "आपण सावकाश जातो, भाऊ. बाकी इन्शाल्ला."

डिसेंबरातल्या एका गुरुवारी माझ्या गाडीचं पासिंग होतं. सकाळी भाई स्वतः खाली आले आणि त्यांनीच सामान काढून माझ्या डिकीत ठेवलं. त्यांची बायको, आमच्या भाभी, अजून झोपल्या होत्या. दहा वाजेपर्यंत माझं काम झालं. परत आलो तर भाईंची गाडी जागेवर नव्हती, ते बाजाराला गेले होते. नंतर देऊ, म्हटलं. शुक्रवारी दुपारी त्यांची गाडी माझ्या गाडीशेजारीच उभी होती. मी जेवून आडवा झालो होतो. कंटाळा केला, दुसरं काही नाही. याला दुसरा शब्द मी आजवर शोधला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला. माझी आठ वर्षांची मुलगी धावत जाऊन बोलली आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाली, "पप्पा, अंकल इज आस्किंग फॉर हिज ट्रँगल."

मी टीव्हीवरून नजरही काढली नाही. "सांग, सकाळी देतो म्हणावं."

"ही सेज टुमॉरो मॉर्निंग," तिने सांगितलं आणि ठेवून दिला.

भाई साडेचारला निघतात हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण जागचं उठायचं, कपडे घालायचे, पार्किंगमध्ये जायचं, याचा वैताग आला. पहाटेचा गजर लावू असं मनाशी म्हणालो आणि तोही लावला नाही.

शनिवारी सहाला जाग आली. खिडकीचा पडदा सरकवला तर बाहेर काहीच नव्हतं. समोरची बिल्डिंग नव्हती, खालचा रस्ता नव्हता, पांढरं नुसतं काचेला येऊन टेकलं होतं. तसाच चपला घालून खाली पळालो. भाईंची जागा रिकामी होती. माझी डिकी उघडली तर तो त्रिकोण प्लास्टिकच्या खोक्यात, सिलिंडरला टेकून पडला होता.

बायकोला काही बोललो नाही. गाडी काढली आणि मुसफ्फाला गेलो. वीस मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. पुढच्या ट्रकचे दिवे कधी दिसत, कधी विझत, आणि प्रत्येक वेळी मी भाईंचा हिशेब करत होतो, की आता ते कुठे असतील, वाटेतल्या तारिफच्या अलीकडे की पलीकडे. सावकाश चालवणारा माणूस आहे. टायर चांगले आहेत. गाडी बंद पडलीच नाही तर त्रिकोण लागतोच कशाला? असं मी स्वतःला समजावत होतो आणि एका शब्दावरही माझा विश्वास बसत नव्हता.

सात वाजता वर्कशॉपमध्ये रोजची सेफ्टीची बैठक असे. चाळीस माणसं समोर उभी आणि मी हिंदीत सांगत होतो, "सेफ्टी का सामान दिखाने के लिए नहीं है." हे वाक्य मी रोज म्हणायचो. त्या दिवशी तेवढंच म्हणालो. मी बैठक आटोपली.

आठ वाजता त्यांच्या रुवैसच्या ऑफिसला फोन लावला. पोचले नाहीत. साडेआठला लावला, नाहीत. नऊला तिकडचा क्लार्क वैतागून म्हणाला, "धुकं आहे साहेब, सगळेच लेट आहेत, आले की कळवतो." मी त्याच्यावर खेकसलो. कुणावर तरी खेकसायचं होतं. बाहेर उजेड वाढत होता, पण धुकं हलत नव्हतं, आणि आवारातली क्रेन मला दिसत नव्हती. जीव असा टांगणीला लागला होता की चहा समोर आला, गार झाला, उचलून नेला, ते मला कळलंही नाही.

अकराला बायकोचा फोन आला. भाईंना ॲक्सिडेंट झालाय, भाभींना घेऊन ती हॉस्पिटलला निघाली आहे, तू सरळ तिकडेच ये.

काय झालं ते नंतर समजलं. तारिफच्या पुढे टायर फुटला. भाईंनी गाडी कडेला घेतली, लुकलुकणारे दिवे लावले. पण त्या धुक्यात ते दिवे जवळ आल्याशिवाय दिसणार नाहीत हे त्यांना कळत होतं. मागून कुणी येऊन आदळला तर तोही मरेल, म्हणून ते मागच्या सीटवरची भाभींची लाल ओढणी घेऊन शंभरेक पावलं मागे चालत गेले आणि ती हलवत राहिले. त्रिकोण जिथे ठेवायचा असतो तिथे ते स्वतः उभे राहिले. दोन गाड्या त्यांना बघून वाचल्या. तिसरा ट्रेलर होता.

डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. भाई पांढरेफटक पडले होते, पण शुद्धीत होते. पोलिसांनी येऊन जबाब घेतला होता. कायद्याचं सामान गाडीत नव्हतं आणि माणूस रस्त्यावर उभा होता, म्हणून चुकीचा मोठा भाग त्यांच्याच माथी आला होता. मी बोलायला तोंड उघडलं. मी सगळं सांगणार होतो, पोलिसांनाही सांगणार होतो, येताना गाडीत तसं ठरवलं होतं.

भाईंनी हात वर करून मला थांबवलं. "मी सांगितलंय, सामान मी कधी घेतलंच नव्हतं. तुम्ही काही बोलू नका, भाऊ. उसनं सामान दाखवून पासिंग केलं असं कळलं तर तुमची मुल्किया जाईल, आणि कंपनीत सेफ्टीला आहात तुम्ही. एकाचं नुकसान झालं तेवढं पुरे." मग म्हणाले, "निघताना बेल वाजवणार होतो. म्हटलं, वहिनींची झोपमोड कशाला."

मला रडू यायला हवं होतं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली, आजही वाटते. पण त्या क्षणी, त्या पलंगाशी उभं असताना, मला आधी हायसं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. मी मान डोलावली आणि बाहेर आलो.

बाहेर भाभी बाकावर बसल्या होत्या. तीन दिवस त्यांनी अन्न घेतलं नव्हतं. मला बघून त्या उठल्या. "भाईसाब, पोलीस म्हणतात एक त्रिकोण असता तर पाय वाचला असता. इतकी वर्षं त्या रस्त्याने जातायत. एवढीशी वस्तू, ती का नाही ठेवली त्यांनी? तुम्ही तर या कामातले. तुम्हीच सांगा, चूक त्यांची ना?"

माझी बायको माझ्याकडे बघत होती. मुलगी तिचा हात धरून उभी होती.

"हो भाभी," मी म्हणालो. "ठेवायला हवा होता त्यांनी."