साफ करून ठेवा

"मॅडम, जुना बॅकअप साफ करतोय. तुम्ही कन्फर्म करा, म्हणजे सुरू करतो."

फोनवर पुण्याचा इंजिनिअर होता आणि माझ्यासमोर नुकताच उघडलेला डबा. मी म्हणाले, "कशालाही हात लावू नका. मी प्लांटवर येतेय." डबा तसाच बंद केला आणि गाडी काढली.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचा बॅकअप मी सांभाळते. आदल्या दिवशी त्यांच्या व्हर्च्युअल मशीन नव्या सर्व्हरवर हलवल्या होत्या. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतःची पेटी नसलेला कॉम्प्युटर. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात असे बरेच राहतात. हलवण्याचं काम सर्व्हर विकणाऱ्यांचं होतं, फोनवरचा इंजिनिअर त्यांचाच. सगळं चालू झालं आणि पेढे वाटले गेले. आमच्या धंद्यात पेढे नेहमी जरा लवकरच वाटतात.

माझा जीव मात्र एका फाइलीत अडकला होता. कंपनीत नवे वाण तयार करणाऱ्या जाधव मॅडम आहेत. तुरीच्या एका वाणावर त्यांनी कित्येक हंगाम घालवलेत. प्रत्येक प्लॉटमधल्या झाडांची मापं त्या फाइलीत होती. कोणीतरी त्यातला उंचीचा एकच कॉलम चढत्या क्रमाने लावला आणि सेव्ह करून मोकळा झाला. आकडे सगळे शाबूत, पण कुठली उंची कुठल्या प्लॉटची, याचा पत्ता नाही. हे लक्षात आलं तेही ऐन हलवाहलवीच्या तोंडावर. चांगली फाइल आता फक्त जुन्या बॅकअपमध्ये होती. ती गेली तर पुन्हा पेरणीपासून सुरुवात, आणि मॅडमच्या रिटायरमेंटला फार दिवस राहिले नव्हते.

प्लांटवर पोचून स्क्रीन बघितली. बॅकअपपुढे 'फुल' लिहिलेलं. तिथंच मला काय झालंय ते कळलं.

बॅकअप रोज सगळा घेत नाहीत. पहिल्यांदा पूर्ण कॉपी, ती 'फुल'. त्यानंतर फक्त जे बदललं तेवढंच, ते 'इन्क्रिमेंटल'. अशी साखळी वाढत जाते. आज छोटा इन्क्रिमेंटल व्हायला हवा होता. पण नव्या सर्व्हरने प्रत्येक मशीनला नवा आयडी दिला होता. नाव तेच असलं तरी सॉफ्टवेअर नाव बघत नाही, आयडी बघतं. त्याला वाटलं, जुनी मशीन गेली आणि नवी आली. म्हणून त्याने नवी साखळी सुरू केली, डिस्क भरत आली आणि इंजिनिअरला जागा हवी झाली.

मी आधी तो बॅकअप थांबवला. मग विचारलं, जुनं काढायला कोणी सांगितलं?

"मीच म्हन्लो," प्लांट मॅनेजर गायके साहेब शांतपणे म्हणाले. ते मूळचे केदारखेड्याचे. उभा जन्म बियाण्यात गेलेला. "जुनं साफ करून ठेवा म्हन्लो."

"साहेब, साफ केलं तर उरणार काय?"

"अवो, बी साफ केल्यावर बी कुठं जातंय? कचरा जातो, बी राह्यतं. म्हनून तर ठेवा म्हन्लो."

मी डोक्याला हात लावला. प्लांटमध्ये साफ करणं म्हणजे माल चाळून चांगलं बी राखणं. पुण्यात साफ करणं म्हणजे डिलीट. दोघंही बरोबर होते, आणि दोघांनी मिळून जाधव मॅडमची तूर मातीत घातली असती.

साहेबांना आयडीची भानगड सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे गोदाम बदललं म्हनून पोत्यावरचा लॉट नंबर बदलला? असं कुठं असतंय?"

इतकं नेमकं मला पुण्याच्या इंजिनिअरला सांगता आलं नव्हतं. तो फोनवर म्हणत होता, नवी साखळीच चालू द्या, सोपं पडेल. मी स्पष्ट नाही म्हणाले; तिला जागा करायची तर जुनी साखळी काढावीच लागली असती. बॅकअप सॉफ्टवेअरच्या डेटाबेसची आधी कॉपी काढली. मग जुन्या आयडीला नवा आयडी जोडून दिला, म्हणजे ही तीच मशीन आहे हे सॉफ्टवेअरला पटलं. अर्धवट 'फुल' काढून टाकला आणि बॅकअप पुन्हा चालवला. त्याने अख्खी डिस्क वाचली, त्यामुळे वेळ खाल्ला. पण लिहिलं अगदी थोडं, आणि पुढे शब्द आला 'इन्क्रिमेंटल'. साखळी शाबूत होती.

तरी फाइल उघडेपर्यंत मी कोणाला काही सांगत नाही. जुन्या बॅकअपमधून ती काढली आणि जाधव मॅडमना बोलावलं. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. उंचीचा कॉलम वरपासून खालपर्यंत बघितला. आकडे खालीवर, वेडेवाकडे. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हेच माझं शेत," त्या म्हणाल्या. "माझी तूर काय शाळेतल्या रांगेवानी वाढत न्हाई." मग माझा हात धरून बसल्या. मलाही भरून आलं. डब्याची आठवण झाली ती त्यानंतर.

मशीन हलवायची तर आधी तिच्या ओळखीचं बघावं, आणि पेढे फाइल उघडल्यावर वाटावेत. बाकी त्या प्लांटमध्ये एक शब्द जपून वापरतात. परवा गायके साहेबांचा मुद्दाम फोन आला.

"मॅडम, सर्व्हरची खोली साफ करायला सांगून राह्यलो," ते म्हणाले. "झाडूनं."