फाट्यावरच्या थांब्याचे आगाऊ आभार

फाट्यावर उभं राहून मी गाडीला हात केला. ड्रायव्हरनेही मला हात केला, आणि गाडी सोलापूरच्या दिशेने निघून गेली. मागून धूळ आली. ती मात्र थांबून भेटून गेली.

"झालं तुजं भाषन हितंच," आबा म्हणाले.

आबा म्हणजे माझे चुलते. आणि मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगतेच. म्हणून तर सोलापूरच्या एका नागरिक क्लबाने 'सक्षम राज्य, सक्षम समाज' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. कार्डावर दोन मोठ्या पाहुण्यांची नावं होती, खाली 'ग्रामीण भागातील एक युवती'. ती मी.

माझं लक्ष त्या दोघांपैकी एका साहेबांवर होतं. आमच्या भागातल्या एसटी गाड्या कुठे थांबायच्या, हे तेच ठरवतात. आमच्या फाट्याला थांबा मंजूर नाही. आबांची लेक सोनाली मोहोळच्या कॉलेजात शिकते. संध्याकाळची गाडी तिला पुढच्या गावात उतरवते, आणि तिथून ती उसाच्या कडेने अंधारात मागे चालत येते. आबांनी निकाल देऊन टाकला होता : "गाडी फाट्यावर थांबली तर शिकंल. न्हायतर ह्या महिन्यात नाव काडतो." साहेबांसमोर, माइकवरून, हीच गोष्ट मांडायची असं मी ठरवलं होतं. रविवार असल्याने सोनाली घरी होती; घर तिच्यावर टाकून सोबतीला आबा आले, सोबत आणि देखरेख एकातच.

पुढच्या गावापर्यंत तंगडतोड करून आम्ही दुसरी गाडी धरली.

सोलापूर स्टँडवर उतरलो तर ऊन डोक्यावर. रिक्षावाल्या चाचांना मी ऐटीत सांगितलं, "क्लबच्या हॉलवर. भाषण आहे माझं."

चाचा वळून हसले. "अच्छा है बेटा. एसी है उदर, लोगां आराम से सो जाते."

"ज्येवन आस्तंय का?" आबांनी विचारलं.

"चाय-बिस्कुट, मामा."

आबांनी रिक्षा नवी पेठेतच थांबवली. एका खानावळीत धपाटे, घट्ट दही आणि शेंगाची चटणी मिळाली. चटणी एवढी तेलकट आणि खमंग, की भाषणाची पहिली दोन वाक्यं मी तिच्यासोबतच गिळली. मग आबांना टॉवेल घ्यायचा होता. दुकानदाराने आतल्या माणसाला "रा अन्ना" (ये दादा) अशी हाक मारून अख्खी मांडणी खाली उतरवली. आबांनी प्रत्येक टॉवेल गालाला लावून पाहिला आणि शेवटी पहिलाच घेतला.

हॉलमधला एसी नेमका बंद होता. आमच्या गावात पाहुण्यांना शाल देतात. इथे सोलापुरी चादर. आम्ही तीन पाहुणे भर उन्हाळ्यात चादरी पांघरून व्यासपीठावर बसलो, थंडीतापाचे पेशंट असल्यासारखे. पहिले पाहुणे निवृत्त प्राध्यापक. राज्य म्हणजे काय, हे सांगायला त्यांनी माणूस गुहेत राहत होता तिथून सुरुवात केली. तो गुहेबाहेर येईपर्यंत अर्धी सभा घोरत होती. मग साहेब उठले आणि म्हणाले, "विकासाची गाडी शेवटच्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे!"

'गाडी' ऐकून मागच्या रांगेत आबा जागे झाले.

साहेबांचं संपलं तेव्हा अध्यक्ष माझ्या कानाशी वाकले. "ताई, वेळ संपली हो. चहा गार होतोय. तुमचं भाषण पुन्हा कधीतरी ठेवू. आता आभार तेवढे मानता का?"

समोर पाहिलं, तर आबा टॉवेलची पिशवी आवळून निघायच्या तयारीत. म्हणजे सोनालीचं नाव कटलंच. मी माइक धरला. अध्यक्षांचे आभार मानले, प्राध्यापकांचे मानले, चहावाल्याचेही मानले. मग म्हटलं,

"आणि साहेबांचे आभार किती मानू? ते नुसतं बोलले नाहीत. उद्यापासून आमच्या फाट्यावर संध्याकाळची गाडी थांबणार आहे. गावातल्या सगळ्या मुलींच्या वतीने मी त्यांचे मनापासून आभार मानते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. झोपलेलेसुद्धा उठून वाजवू लागले. साहेबांनी थांबा म्हणायला हात वर केला. लोकांना वाटलं, नमस्कारच करताहेत. तेवढ्यात आबा खुर्च्यांमधून वाट काढत व्यासपीठावर चढले आणि नवा कोरा टॉवेल साहेबांच्या चादरीवर घातला.

"सायेब, लई उपकार जालं बगा! माजी लेक शिकंल आता."

साहेबांचा फोटो निघाला. पंचाईत अशी, की आबांनी हे खरं मानलं होतं. उद्या गाडी नाही थांबली, तर सोनालीचं कॉलेज तर जाईलच, वर घरात माझ्या पदवीची काय किंमत उरेल?

चहाच्या टेबलाशी साहेबांनी मला गाठलं. "तुम्ही मला हे कधी विचारलं होतं?"

"भाषणात विचारणार होते, साहेब. वेळ संपली."

त्यांनी बिस्कीट चहात धरलं. ते विरघळून बुडालं. मग म्हणाले, "मंजुरीला फार सोपस्कार असतात, ताई." आणि खिशातून पेन काढत त्यांनी विचारलं, "फाट्याचं नाव काय म्हणालात?"

परतीच्या गाडीत कंडक्टरने तिकीट काढतानाच बजावलं, "फाट्यावर थांबत न्हाय हं. मला कुणाचा निरोप न्हाय."

मी खिडकीबाहेर पाहत बसले. आबा मात्र उठून ड्रायव्हरजवळ गेले आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डायवरसायेब, फाट्यावर गाडी उबी करताय, लई आभार तुमचं! म्हातारी मानसं, पोरीबाळी, समद्यांचा दुवा लागंल की!"

"द्या की थांबा, म्हातारा एवढं म्हणतोय," मागून कुणीतरी बोललं. आणखी दोघं-तिघं बोलले. कंडक्टरने कपाळाला हात लावला. ड्रायव्हर हसला, आणि गाडी थांबली.

खाली उतरल्यावर मी म्हटलं, "आबा, तिथे व्यासपीठावर तुम्हाला ते खरं वाटलं होतं का?"

"खरं?" आबा धोतर झटकत म्हणाले. "त्या सायबाचं तोंड बगितलं की मी. म्हनूनच टावेल घातला. नवा व्हता गं."

मंजुरीचा कागद अजून आलेला नाही. सक्षम राज्य कसं होतं, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. माझं भाषण राहिलंच आहे. पण संध्याकाळची गाडी फाट्यावर थांबते आणि सोनाली कॉलेजात आहे. मोहोळला गाडीत चढतानाच ती ड्रायव्हरला "थँक्यू काका" म्हणते. उतरताना नाही, चढतानाच. तशी आबांची सक्त ताकीद आहे.