भिंतीपलीकडचं बंदर

भूगोल हा ऐकायचा नसून ओढायचा, ढकलायचा आणि खायचा विषय आहे, असं मानणारी एकच व्यक्ती उभ्या पुण्यात असेल, आणि ती नेमकी माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे यावी! कसब्यातल्या आमच्या शाळेत मी गणित शिकवतो. शेजारच्या वर्गात भूगोलाच्या बाई. आमच्यामधली भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड. जागतिक व्यापाराच्या धड्याला सातवीची मुलं डबे घेऊन बसत. प्रत्येक बाक म्हणजे एक देश. बाई सगळ्या पोळ्या एका देशाला देत, भाज्या दुसऱ्याला, लोणचं तिसऱ्याला, आणि म्हणत, "आता जेवा." मग जो गलका उठे, त्यात माझं त्रैराशिक बुडून जाई. एकदा लोणच्याच्या देशाने एका फोडीला तीन पोळ्या मागितल्या, तर पोळीवाल्यांनी निर्यातच बंद केली. घंटा होईपर्यंत सगळं जग उपाशी! दोन बाकांमधल्या बोळाला त्या सुएझ म्हणत. "सुएझ म्हणजे जगाचं स्वारगेट. एक आडवा आला की सगळे खोळंबले," असं सांगून स्वतःच तिथे वाट अडवून उभ्या राहत. न राहवून मी त्यांचं दार वाजवलं, तर म्हणाल्या, "अहो सर, आपलं गणित चालू द्या. आमचं जहाज अडकलंय."

माझं डोकं फिरलं. मी मुख्याध्यापिकांकडे लेखी तक्रार केली. दुसऱ्या दिवसापासून डबे बंद, फक्त पुस्तक. बाई खुर्चीत बसून धडा वाचू लागल्या. पलीकडे इतकी शांतता झाली, की मला माझाच खडू ऐकू येऊ लागला. आपण हे काय करून बसलो, या विचाराने लाज वाटली. आठवड्याभराने मी तक्रार मागे घेतली आणि माझा डबा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"बाई, आमच्या देशात लोणचं नाही हो."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जकात पडेल," म्हणाल्या, आणि माझ्या डब्यातली गुळपोळी उचलली. मुलांनी बाकं वाजवून वर्ग डोक्यावर घेतला. त्या दिवशी माझं त्रैराशिक पुन्हा बुडालं.

मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. नवे सर चांगले आहेत. त्यांचा भूगोल स्क्रीनवर चालतो, आवाज येत नाही. परवा फळ्यावर गणित सोडवता सोडवता मी थांबलो.

"सर, भिंतीकडे काय बघताय?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"काही नाही गं," मी म्हटलं. "एक जहाज यायचंय अजून."