खालच्या ओळीतला फोटो

माझं फ्लेक्सचं दुकान आहे. गाव बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेवर, त्यामुळे गिऱ्हाईक दोन्हीकडचं. डिझाईन मी करते, छपाई बारामतीत होते आणि लाकडी चौकटीवर कापड ताणून खिळे ठोकायचं काम पुन्हा माझ्याच दुकानात. लग्न, दशक्रिया, नवा ट्रॅक्टर, सगळं येतं. पण खरा धंदा वाढदिवसांचा. ज्याला अजून मिशी नीट फुटलेली नाही त्याला ‘किंग’ म्हणायचं, गॉगलवाला फोटो मधे मोठा घ्यायचा आणि खाली शुभेच्छुकांची डोकी ओळीनं लावायची, आठवडी बाजारात टोमॅटो मांडावेत तशी. कोणाचं डोकं वर आणि कोणाचं खाली यावरून माझ्या दुकानात जेवढी भांडणं झाली, तेवढी शेताच्या बांधावरूनही झाली नसतील.

एक गोष्ट मी छापत नाही, ती म्हणजे कोयता. ऊस तोडायचा कोयता हातात धरून फोटो काढायचा आणि त्यानंच केक कापायचा, ही टूम आमच्याकडे आली तेव्हाच मी सांगून टाकलं, असला फोटो घेऊन माझ्या पायरीवर चढायचं नाही. काही पोरं नाक मुरडून थेट बारामतीला छापायला गेली. जाईनात का. माझ्या रागाला गाव ओळखून आहे, त्यामुळे फार घोळ कोणी घालत नाही.

गावात पोरांचे दोन गट आहेत, एक चौकातला आणि दुसरा पाटापलीकडच्या वस्तीचा. भांडण कशावरून सुरू झालं हे दोघांनाही धड सांगता येत नाही, पण ते चालू ठेवायला कोणी विसरत नाही. मागच्या यात्रेत वस्तीच्या पोरांचा फ्लेक्स कोणीतरी फाडला, तोही नेमका चेहऱ्यावर. कुस्त्यांचा फड उठता उठता मारामारी झाली आणि एका पोराच्या दंडावर कोयता बसला. पोरगा वाचला, पण गुन्हा दाखल झाला. त्यात वस्तीतल्या तात्यांच्या नातवाचं नाव आलं. त्या पोराची पोलीस भरतीत निवड झालेली होती. चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला आणि नोकरी दारातून परत गेली. आता तो डाळिंबाच्या बागेत पाठीवर पंप घेऊन फवारणी करतो. त्याची आई, म्हणजे तात्यांची सून, तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती. माझा मुलगा चौकातल्या गटात, एवढंच कारण तिला पुरे होतं. मीही आपणहून बोलायला गेले नाही.

माझा मुलगा डोक्यानं थेट माझ्यावर गेलाय. भडकायला वेळ लागत नाही, आणि भडकला की कान बंद. त्याचीही यंदा पोलीस भरतीत निवड झाली होती, फक्त पडताळणी राहिली होती. पोरानं दोन हिवाळे पाटाच्या कडेनं पळून घाम गाळला होता. आता पडताळणीपर्यंतचे दिवस अंगावर गुन्हा न येता गेले की तो पोलीस, आणि आला की तात्यांच्या नातवाशेजारी पंप घेऊन बागेत. मी रोज दिवा लावताना देवाकडे दुसरं काही मागत नव्हते.

यात्रेतल्या मारामारीनंतर गाव जरा हादरलं होतं. देवळात बैठक झाली, समिती नेमली गेली आणि चौकातले आबा अध्यक्ष झाले. समित्या चहा पिऊन उठतात असा माझा अनुभव. पण या समितीनं काम केलं, हे मान्य करायला हवं. गायरानातली काटेरी बाभूळ काढून भरतीच्या पोरांसाठी मैदान केलं. त्याला मुरूम लागला तो समितीतल्याच तात्यांनी स्वतःच्या रानातला दिला. तात्यांचं सगळं आयुष्य वालचंदनगरच्या कारखान्यात लेथवर गेलेलं. त्यांनी पुलअपचे बार स्वतः वेल्डिंग करून रोवले आणि रविवारी पोरांना वेल्डिंग शिकवायलाही सुरुवात केली. दोन्ही गटांची पोरं आली. फक्त चौकातली पाचला पळायची आणि वस्तीची सहाला, एकमेकांचं तोंड नको म्हणून. पोरींना वेळ वाटून द्यायची कोणाला आठवणच राहिली नाही. त्या दोन्हीकडच्या एकत्र पळायच्या, आणि दमल्या की एकाच बाटलीतलं पाणी प्यायच्या.

मग ठरलं मैदानाचं उद्घाटन, आणि उद्घाटन म्हटलं की फ्लेक्स आलाच. आबा दुकानात आले आणि खुर्चीत ऐसपैस बसले.

“वर लिवायचं, तरुणांनो, भांडणं सोडा, मैदानावर या. आन् खाली समितीचं फोटू.”

“आबा, फोटो नका घेऊ,” मी म्हणाले. “नुसतं मैदानाचं चित्र टाकू. फोटो आले की वर कोण, खाली कोण सुरू होतं.”

“आगं, ती पोरांची थेरं. आमी काय पोरं हाय व्हय? आन् फोटू न्हाय टाकलं तर कळणार कसं, कुणी केलं ह्ये?”

गिऱ्हाइकाशी मी एका मर्यादेपर्यंतच भांडते. मी डिझाईन केलं. मधे आबा, फेटा बांधलेले, बाकीचे दोन्ही बाजूंना. तात्यांचा फोटो सगळ्यात शेवटी आला, व्हॉट्सअॅपवर, तोही अंधुक. मी तो मोठा करायला घेतला तर चेहऱ्याचा पार लगदा व्हायला लागला. आबांना फोन केला. आबा म्हणाले, “टाक की खालच्या वळीत. तात्या काय आपला परका हाय?” मी पुन्हा विचारलं, आबा पुन्हा तेच म्हणाले. तात्या खालच्या ओळीत गेले, कोपऱ्यात, खतांच्या दुकानाच्या जाहिरातीला चिकटून.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी फ्लेक्स मैदानाच्या तोंडाशी उभा राहिला. सकाळी उजाडताना बघतो तो फाटलेला. आबांचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत उभा चिरलेला, दोन्ही तुकडे वाऱ्यावर हलतायत.

ही बातमी आमच्या घरी एका पोरानं फोनवर दिली. मी चुलीवर पाणी तापवत होते. मुलाचं “वस्तीचीच असणार, आलोच” एवढं ऐकलं आणि तो पडवीतून गोठ्याकडे गेला, तिथून गाडीकडे, तिथून बूट घालायला परत घरात. मी हातातलं तसंच टाकलं, खुंटीवरची स्कुटीची चावी ओढली आणि त्याच्या आधी निघाले. मागून त्याची हाक आली, “आये, गाडी ठेव! आये!” मी ऐकलं आणि मूठ आणखी पिळून गाडी पळवली. त्याच्या स्वतःच्या मोटरसायकलचं चाक पंक्चर होतं. बसू दे घरात, असं मला वाटलं.

तो काही बसला नाही. मित्राच्या मागे बसून माझ्या पाठोपाठ पोचलाच. मैदानावर तोवर चौकातली पोरं एका अंगाला आणि वस्तीची दुसऱ्या अंगाला उभी. मधे नवा मुरूम. पोरी पुलअपच्या बारांपाशी चिडीचूप. मी मुलाचं मनगट धरून ठेवलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता, त्याची नजर सारखी माझ्या स्कुटीकडे जात होती. मला वाटलं, हा पळायची वाट शोधतोय.

आबा वस्तीच्या पोरांवर बरसत होते. “एवढं मैदान करून दिलं, त्याचं ह्ये पांग फेडलं व्हय? कुणी फाडला? मर्द असला तर फुडं या!”

पुढं आले तात्या. हातात वैरण कापायचा विळा, अंगात बंडी.

“पोरास्नी कशाला बोलतुयास? म्या फाडला.”

आबांनी एकदा फाटक्या फ्लेक्सकडे बघितलं, एकदा तात्यांच्या विळ्याकडे.

“मुरूम माझ्या रानातला,” तात्या म्हणाले. “बार म्या रोवलं. नातवाची नोकरी गेली ती बी माझ्याच. आन् फोटू कुठं, तर खताच्या पोत्याखाली! आन् वर मधी ह्यो, फेटा बांधून!”

यावर आबांनी नको तो शब्द वापरला. तात्यांनी विळा खाली टाकला, तेवढं भान त्यांना होतं, आणि आबांची बंडी धरली. आबांनी तात्यांची टोपी उडवली. सत्तरीचे दोन म्हातारे, समितीचे, एकमेकांना धरून मुरमात गोल फिरायला लागले. धोतर सुटायची वेळ आली.

माझ्या मुलानं मनगट कधी सोडवून घेतलं मला कळलं नाही. वाटलं, गेला हा मारायला. पण तो धावला आणि त्यानं मागून तात्यांच्या कमरेला मिठी मारली. समोरून तात्यांचा नातू आला आणि त्यानं आबांना उचलल्यासारखं बाजूला केलं.

“आबा, खाली बसा,” नातू म्हणाला. “आसं करू नगा. गुन्हा दाखल हुतुय. त्यो कसा आस्तुय मला ठावं हाय.”

तो ओरडला नाही. पाणी मागावं तसं म्हणाला. आबा खरोखरच खाली बसले. तात्यांना माझ्या मुलानं समोरच बसवलं. दोघं धापा टाकत बसून राहिले आणि त्यांच्या भोवती दोन्ही गटांची पोरं उभी राहिली, कोण कुठला हे न बघता. मग पोरींमधली एक फिस्सकन हसली. एकीचं हसू सगळ्यांना लागलं. म्हाताऱ्यांवर आता कोणती समिती नेमायची, असं कोणीतरी विचारलं, आणि त्या प्रश्नावर तात्याही हसले. आबांना हसायला थोडा वेळ लागला. त्या दिवशी उद्घाटन झालं नाही, पण पळायला सगळी एकत्र गेली.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती चवीनं सांगत फिरले असते. दुपारी मी पेट्रोल भरायला गेले. माझ्या जुन्या स्कुटीची टाकी सीटखाली आहे, आणि सीटचं कुलूप कधीचं मोडलेलं, चावीशिवायही उघडतं. पंपावर सीट उचलली, तर आत माझ्याच दुकानातल्या फ्लेक्सच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. सायकलची ट्यूब गुंडाळलेली मूठ तेवढी बाहेर दिसत होती. आमच्याच गोठ्यातला कोयता. मी सीट तशीच खाली दाबली, पंपावरच्या माणसाला पैसे सुट्टे नाहीत असं काहीतरी सांगितलं आणि पेट्रोल न घेता निघाले.

वाटेत पाटाच्या पुलावर गाडी लावली आणि रडले. सकाळी त्याला थांबवायला मी पळत गेले होते, आणि तो कोयता माझ्याच बुडाखाली घेऊन गेले होते. मी चिडून चावी ओढली नसती, त्याच्या गाडीचं चाक पंक्चर नसतं, तर तात्या पुढं यायच्या आधी काय झालं असतं, याचा माझ्यानं पुढं विचार करवेना.

घरी येऊन कोयता त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्यानं ताट बाजूला सारलं. “वापरणार नव्हतो,” म्हणाला. “नुसता असावा म्हणून.” मी म्हणाले, “त्या यात्रेत ज्याच्या हातात होता, त्याच्यापाशी पण नुसताच होता.” हात उगारला होता, पण मारलं नाही. मारलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

मग मी तात्यांच्या सुनेकडे गेले. समितीकडे जावंसं वाटलं नाही. आबा आणि तात्या तेव्हा कुठं एकमेकांना चहा विचारायला लागले होते. तिनं दार उघडलं, बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, माझ्या मुलाचं नाव घेऊन सांगितलं. हिनं तोंड उघडलं तर याची नोकरी गेली, हे मला कळत होतं. पण तिच्याइतकं हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं.

ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “माझ्या पोराच्या गाडीची शीट मी कवा उचलून बघितलीच न्हाय.” आणि मग, “बस की. च्या टाकते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मैदानाच्या तोंडाशी उभ्या राहिलो. येईल त्या गाडीची सीट उचलायची. पोरं आधी चिडली, मग लाजली, मग थट्टा करायला लागली. आठवडाभरात दोन्हीकडच्या आया येऊन मिळाल्या. आता पाळ्या लागल्यात. पोरी पळत पळत ओरडतात, “काकू, त्याची नीट बघा, त्याच्यात रोज वडापाव असतो.” खरंच असतो. फाटक्या फ्लेक्सच्या जागी आता पत्र्याची पाटी आहे. तात्यांनी वेल्डिंग केलं, मी रंगवली. त्यावर फक्त मैदानाची वेळ लिहिलीय, सगळ्यांना एकच. फोटो कोणाचाच नाही.

पडताळणीला पोलीस आले तेव्हा त्यांनी वस्तीतही चौकशी केली. तात्यांच्या सुनेनं काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. मुलाला प्रशिक्षणाचं बोलावणं आलं.

पहिल्या सुट्टीत तो घरी आला आणि पहाटे मैदानावर गेला. केस बारीक कापलेले, चाल बदललेली. तोंडाशी पाळी तात्यांच्या सुनेची होती, मी बाजूला उभी. पोरं म्हणाली, काकू, सायब हाय त्यो आता. ती म्हणाली, “सायब तिकडं. हितं शीट उचल.”

त्यानं मुकाट्यानं सीट उचलली. तिनं आत बघितलं, मान हलवली. तो मैदानात शिरला नाही. वळून माझ्या स्कुटीकडे आला, तिचीही सीट उचलली, आत वाकून बराच वेळ बघितलं आणि आवाज होऊ न देता खाली बसवली. मग पळायला गेला.