दोनशेतला एक

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच वेबसाइटवर एका बाईची वेलांटी सुधारत होतो. फोन त्याच्या बायकोचा, सुजाताचा होता. "सर, हे गेले... सकाळीच. अटॅक आल्ता." मी "अरेरे" म्हणालो, फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेलं वेलांटीचं वाक्य पूर्ण करून पाठवलं. मी असा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत तो माझा विद्यार्थी. बौद्धवाड्यातून यायचा. एकदा कविता म्हणायला उभा केला तर म्हणाला, "सर, मला येत न्हाई." मी विचारलं, "न्हाई की नाही?" वर्ग खिदळला. मी त्याला 'नाही' हा शब्द दोनशे वेळा लिहायला बसवलं. दोनशे भरल्याशिवाय घरी जायचं नाही, असं बजावलं. त्याने लिहून आणलं, मी मोजलं, एक कमी निघाला. पान फाडलं आणि पहिल्यापासून लिहायला लावलं. न्हाई तर पाटलांची पोरंही म्हणत, पण त्यांचं मी कधी मोजलं नव्हतं.

पुढे तो जालन्यात वेबसाइटी बनवू लागला. आपल्या भागातल्या लोकांनी आपल्या बोलीत लिहावं म्हणून स्वतःचीही एक काढली आणि बदनापूरला माझ्या घरी येऊन माझ्या फोनवर सुरू करून दिली. लोक हौसेनं लिहीत, मी खाली प्रतिक्रियांमध्ये त्यांची लक्तरं काढी. "सर, थोडं दमानं घ्या," तो म्हणाला, "लोकं लिहायचं सोडून राह्यले." मी म्हणालो, "सोडू देत. तेवढीच घाण कमी." तो नुसता हसला. ती मला नम्रता वाटली.

त्याच दिवशी त्याने मला आतली करामत दाखवली होती. "सर, ह्याला हुक म्हणतेत. खुंटीच समजा. प्रतिक्रिया वाचणाऱ्याला दिसायच्या आधी खुंटीला आपली चाळणी अडकवायची. मूळ बिलकुल तसंच राहतं, दिसतं मातर आपल्याला पाहिजे तसं."

"मग अशुद्ध गाळायची चाळणी लाव की!"

"लावतो की सर," तो म्हणाला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा तीच वेलांटीवाली बाई भेटली. "सर, तुमी लई हसवता. पण मिलिंददादावर लिहिलं ते वाचून रडले." तिने फोन पुढे केला. माझ्या श्रद्धांजलीखाली माझंच नाव होतं आणि वाक्य होतं, 'असा विद्यार्थी पुन्हा होणे न्हाई.' मी माझा फोन काढला. त्यात स्वच्छ 'होणे नाही'. वर सरकवत गेलो. 'हे मराठी नाही' असं मी जिथं जिथं दरडावलं होतं, तिथं तिच्या फोनवर 'हे मराठी न्हाई' होतं. इतकी वर्षं अख्खा तालुका मला हसत होता, आणि मी त्याला आदर समजत होतो.

साइटचं काम सुजाताही बघायची. तिने लॅपटॉप उघडला. चाळणीत एकच नाव होतं, माझं. माझ्या फोनवर 'नाही', बाकी सगळ्यांना 'न्हाई'. वर त्याने टीप लिहून ठेवली होती, 'दोनशे भरल्याशिवाय घरी जायचं न्हाई.'

"तुमचे एकशे नव्याण्णव 'नाही' झालेत," ती म्हणाली. "दोनशे भरले की आपोआप बंद होतंय. का काढून टाकू, सर?"

माझे कान तापले होते. मेलेल्या माणसाला छडी मारता येत नाही, याचा त्या क्षणी मला खरोखर राग आला. तरी म्हणालो, "राहू दे."

तीन आठवडे त्या प्रतिक्रियेच्या चौकटीसमोर बसतोय. एक 'नाही' लिहिला की सुटलो. काल शेवटी लिहिलं, 'मिलिंद, तुझं काही चुकलं न्हाई.' हातानं, जसंच्या तसं. मग सुजाताला फोन लावला. तिच्याकडेही तेच दिसत होतं.

"आणि मोजणी?"

"एकशे नव्याण्णवच, सर. ती फक्त 'नाही' मोजती." ती म्हणाली, "एक कमीच हाय अजून..."