गळ्यातल्या पेटीची हवा

अड्याळच्या बाजाराच्या वाटेवर गोमाजी चुट्याचं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर टिनाचं छप्पर, खाली एक पंप, पाण्याचं घमेलं आणि खुद्द गोमाजी. वय त्रेसष्ट. त्याच्या तोंडून आजवर नाही नाही ते निघालं असेल, पण ‘हे माझ्यानं होत नाही’ एवढं कधी निघालं नाही. या एका खोडीपायी त्यानं सायकलींखेरीज छत्र्या, कुकर, भिंतीवरची घड्याळं, सगळ्यांत हात घातला. शेजारच्या निर्मलाबाईचा मिक्सर त्यानं असा दुरुस्त केला, की चटणी भांड्यात राहायच्या ऐवजी छताला जाऊन लागली. तरी लोक त्याच्याकडेच येत. बाकीचे कारागीर ‘नवीन घ्या’ म्हणत, गोमाजी ‘ठेवून जा’ म्हणे.

मार्चच्या शेवटी आसगावचे श्यामराव एक भलंमोठं काळं खोकं घेऊन दुकानी आले. हे श्यामराव तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ॲकॉर्डियन वाजवत. आजूबाजूच्या गावांत त्या वाद्याला ‘गळ्यातली पेटी’च म्हणत. गोमाजीच्या वरातीतही तेच वाजवायला होते. पुढे ढोल-ताशे बडवणारे धुमालवाले आले, बँड मोडला आणि गळ्यातली पेटी बारा वर्षं माळ्यावर पडून राहिली. आता श्यामरावांना मरायच्या आधी ती एकदा वाजवायची होती. त्यांनी भंडाऱ्याला दोन ठिकाणी विचारलं, दोघांनीही हात जोडले.

“भाता ओढला का हवा जाऊन राहिली,” श्यामराव म्हणाले. “मंग मले वाटलं, हवेचा माणूस तर अड्याळले बसला आहे.”

गोमाजीनं आयुष्यात ॲकॉर्डियनला हात लावला नव्हता. गाण्यातलं तर त्याला इतकंच कळे, की सुरू झालं आणि संपलं. पण ‘हवेचा माणूस’ हे शब्द त्याच्या जिवाला असे लागले, की तो लगेच म्हणाला, “ठेवून जा.”

संध्याकाळी ती पेटी घरी नेली आणि दारातच अडली. तिच्या खोक्याचं झाकण उघडताच असा वास सुटला, की त्याच्या बायकोनं, पुष्पाबाईनं, पदर नाकाला लावला तो काढलाच नाही. ओल, बुरशी, उंदीर आणि बारा वर्षांचं कोंदटपण, सगळं त्या वासात होतं.

“थे घरात नाही यायची,” ती म्हणाली. “तिले आणसान तर तुमीबी तिच्यासंगं बाहेरच झोपसान.”

गोमाजीनं वाद्य तेवढं आत घेतलं आणि खोकं अंगणात ठेवलं. त्यात त्यानं एक पुडा उदबत्त्या जाळल्या. सकाळी खोक्याला देवळात उंदीर मेल्यासारखा वास येत होता. मग फिनाईल ओतलं. आता देऊळ, उंदीर आणि दवाखाना असे तिन्ही वास आले. शेवटी पुष्पाबाईच पुढे झाली. तिनं आतली कुजकी मखमल ओरबाडून काढली, उंदराचं घरटं उचलून फेकलं, लाकूड राखेनं घासलं आणि खोकं कडुनिंबाचा पाला भरून आठ दिवस उन्हात ठेवलं. एप्रिलच्या भंडाऱ्याच्या उन्हापुढे वासाचं काय चालणार? वास गेला. मग गोमाजीनं पडद्याचं फुलाफुलांचं उरलेलं कापड आणलं, कणकेची चिकट लई केली, खोक्याला आतून छान अस्तर लावलं आणि वाळायला ठेवून जेवायला गेला. जेवून येतो तर निर्मलाबाईची बकरी खोक्यात पुढचे दोन पाय टाकून उभी. लईसकट अर्धं अस्तर तिनं खाल्लं होतं.

दुसऱ्या दिवशी निर्मलाबाई तक्रार घेऊन आली, की तुमचं कापड खाल्ल्यापासून बकरी चारा तोंडात घेत नाही. ‘ठेवून जा’ गोमाजीच्या ओठावर आलंच होतं, पण पुष्पाबाईनं डोळे वटारले. नवं अस्तर त्यानं पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलं. त्यानं खोक्याला पंक्चरच्या दुकानाचा वास लागला, पण त्याला गोमाजी वास म्हणत नसे.

इकडे वाद्याचं काम चाललंच होतं. ट्यूब गळते कुठून, हे तो घमेल्यात बुडवून पाहायचा. वाद्य बुडवता येत नव्हतं. त्याचं त्याला फार वाईट वाटलं. मग उदबत्ती पेटवून त्यानं भात्याच्या घडीघडीपाशी धरली. धूर जिथं थरथरे तिथं खडूची खूण. सत्तावीस खुणा झाल्या. पातळ रेक्झिनचे तुकडे कापून त्यानं घड्यांचे कोपरे असे शिवले-चिकटवले, की भाता ओढून धरला तर गोमाजीलाच मागे खेची. त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला.

खरी गडबड पुढे झाली. वाद्याच्या पोटात हवेनं वाजणाऱ्या सुरांच्या धातूच्या पट्ट्या मेणानं बसवलेल्या होत्या, शंभराच्या वर. मेण सुकून भुगा झालं होतं. गोमाजीनं सगळ्या पट्ट्या उपटल्या, रॉकेलनं पुसल्या आणि वर्तमानपत्रावर मांडल्या. मग अभिमानानं त्यांचा फोटो काढून नागपूरला पोरीला, हर्षाला, पाठवला. तिनं उत्तरात एक व्हिडिओ धाडला. त्यात कुण्या परदेशातला एक म्हातारा हेच काम करत होता, आणि पट्टी काढायच्या आधी प्रत्येकीवर नंबर लिहीत होता.

गोमाजीनं व्हिडिओ दोनदा पाहिला. मग पट्ट्यांकडे पाहिलं. लांब पट्टी जाड आवाजाची, आखूड बारीक, एवढं त्यानं अदमासानं ताडलं. त्या बेतानं त्यानं जंगलातलं मधमाश्यांचं मेण वितळवून सगळ्या परत बसवल्या आणि श्यामरावांना बोलावलं.

श्यामराव आले, पट्टे खांद्यात अडकवले, डोळे मिटले आणि ओढलं. आवाज खणखणीत निघाला. पण बोटं एक गाणं म्हणत होती आणि पेटी दुसरंच काही सांगत होती. श्यामरावांनी डोळे उघडून बोटांकडे पाहिलं. पुन्हा वाजवलं. मग ते हळूच म्हणाले की बारा वर्षांत मी सगळं विसरलो वाटते.

गोमाजीला हे त्यांच्या नावावर खपवता आलं असतं. त्याला सुरांतलं काही कळत नाही हे गावाला माहीत होतं, कुणी विचारलंही नसतं. पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्याला राहवलं नाही.

“नाही भाऊ,” तो म्हणाला. “तुमी नाही विसरले. मीच घोळ घातला.”

आत स्वयंपाक करणाऱ्या पुष्पाबाईनं हे ऐकलं. भजन मंडळात वीस वर्षं हार्मोनियमची पेटी तीच वाजवायची. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “काढा सगळ्या पट्ट्या. अन् दुकानातला पंप आणा.”

पुढचे तीन दिवस चुट्यांच्या अंगणात जे चाललं, ते पाहायला अर्धी आळी जमली. गोमाजी पंपाच्या तोंडाला लावलेल्या ट्यूबच्या रबराच्या चकतीवर एकेक पट्टी दाबून धरी आणि पायानं पंप हाणी. पट्टी ‘पीं’ करून बोले. पुष्पाबाई समोर मंडळाची पेटी घेऊन बसलेली. ती ऐके, दोन-तीन सूर दाबून पाही आणि सांगे, “हे इथची. लिवा.” श्यामराव नंबर लिहीत. पहिल्याच संध्याकाळी मंडळाच्या शकुबाई चौकशीला आल्या, की एका सायकलीत इतकी हवा भरून राहिले, ती सायकल आहे तरी कोणती.

चौथ्या दिवशी पट्ट्या बसल्या. एक बारीक सूर काही केल्या सापडेना. पुष्पाबाई म्हणाली, तो सोडून वाजवा.

श्यामरावांनी वाजवलं आणि गाणं निघालं. पण चार ओळींत म्हाताऱ्याची बोटं आखडली. त्यांनी दोनदा हात झटकला, तिसऱ्यांदा नुसता भाता धरून बसले.

“वयनी,” ते म्हणाले, “भाता मी ओढतो. बोटं तुमची लावा.”

पुष्पाबाई लाजली. मग स्टूल ओढून त्यांच्या बाजूला बसली आणि बाहेरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवली. सुरुवातीला भाता आणि बोटं यांची गाठ पडेना. मग पडली. भजन कोणतं ते सगळ्यांना कळलं, शकुबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला.

गोमाजीला कोणतं भजन ते कळलं नाही. तो वाकून भात्याच्या घड्यांना कान लावून बसला होता. कोपऱ्याकोपऱ्यावरून त्यानं कान फिरवला. कुठूनही हवा जात नव्हती.

“कसं वाटलं?” भजन संपल्यावर पुष्पाबाईनं विचारलं.

“एक नंबर,” तो म्हणाला आणि उठून पंप दुकानात ठेवायला गेला, कारण सकाळपासून दोन सायकली पंक्चर होऊन तिथं उभ्या होत्या.